नंतरची भर

वारसा विभागाच्या बाई गाडीतून उतरल्या आणि घराकडे न बघता तडक कोठाराकडे चालू लागल्या.

आबा सकाळपासून व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते. ऊन चांगलं वर आलं होतं, तरी त्यांनी समारंभाला घालायचा काळा कोट अंगातून काढला नव्हता. सुनेनं पुसून चकचकीत केलेले बूट त्यांच्या पायांत होते. बाई येतील, कमानीखाली थांबतील, वर बघतील, मग आपण उठून दोन पावलं पुढे जायचं, असं सगळं त्यांनी मनाशी योजून ठेवलं होतं.

"अहो, इकडे!" त्यांनी काठी उंच केली. "घर इकडे आहे!"

बाईंनी मागे वळून हात हलवला. "येते हं! उजेड चांगला आहे तोवर कोठार बघून घेते."

आबा पुन्हा टेकले. शेजारी उभा असलेला छोटू, त्यांचा धाकटा मुलगा, कसनुसा हसला. डोक्यावरचे केस पांढरे होऊनही घरात तो छोटूच राहिला होता. शहरात त्याचं हॉटेल होतं, आणि या पाहणीचा घाट त्यानंच घातला होता. घराला 'संरक्षित वास्तू' असा शिक्का मिळाला, फाटकावर पाटी लागली, की बघायला लोक येतील, चार दिवस राहतील, असा त्याचा हिशेब होता. आबांनी अर्जावर लगेच सही केली होती. पाटीवर बांधणाऱ्याचं नाव घालतात का, एवढंच त्यांनी विचारलं होतं.

"मुद्दाम शेवटी ठेवलं असेल घर," छोटू म्हणाला. "चांगली गोष्ट शेवटीच बघतात माणसं."

"गोठ्यात काय बघणार आहे ती?" आबा म्हणाले.

समोरची कमान आबांनी ऐन तरुणपणात बांधून घेतली होती. घडीव दगड, वर कोरलेली वेल, मधोमध घराण्याचं चिन्ह. रस्त्यानं जाणारा माणूस आजही चालता चालता मान वळवायचा. आणि कोठार? कोठार म्हणजे खाली गुरं आणि वर गवत. मध्ये काही वर्षं गवताच्या जागी थोरला मुलगा आणि त्यानं आबांच्या मनाविरुद्ध लग्न करून आणलेली ती दूधगाडीच्या ड्रायव्हरची मुलगी. आबांनी तो विचार पुढे जाऊ दिला नाही. कोटाचं वरचं बटण लावलं आणि ते कोठाराच्या उघड्या दाराकडे बघत राहिले.

आत बाईंनी टॉर्च लावला होता. बराच वेळ त्या काही बोललेल्याच नव्हत्या.

त्यांच्याबरोबर आत आलेल्या ताईला, आबांच्या मुलीला, ते फार आवडलं. ती स्वतः कॉलेजात वास्तुकलेचा इतिहास शिकवायची. जाणता माणूस आधी गप्प बसतो, हे तिनं खूपदा पाहिलं होतं. तिला या कोठाराचा कण न् कण पाठ होता. समोरासमोरची दोन भलीमोठी दारं, मळणीच्या वेळी वारा आरपार जावा म्हणून. हातभर जाडीच्या दगडी भिंती आणि त्यांतले झरोके, बाहेरून बोटभर अरुंद आणि आतून पसरत गेलेले, म्हणजे उजेड आत यावा, पाऊस येऊ नये. आणि वर तो लाकडाचा प्रचंड सांगाडा.

"एकसुद्धा खिळा नाही," ताई न राहवून म्हणाली. "सगळ्या लाकडी खुंट्या."

"आणि या खुणा बघा." बाईंनी एका सांध्यावर बोट ठेवलं. पटाशीनं पाडलेल्या तिरक्या रेघा होत्या. "सुतारांनी आधी खाली जमिनीवर सगळा सांगाडा जुळवून पाहिलाय. कुठलं लाकूड कशात बसतं त्याच्या खुणा केल्यात, मग सोडवून पुन्हा वर चढवलाय. इतका पूर्ण, इतका हात न लागलेला मी पहिल्यांदाच बघतेय. खाली गुरं, वर माणसांना माळा. गुरांची ऊब वर जायची. किती शहाणपणाची रचना!"

"ऊब नाही जात," शिडी धरून उभा असलेला दादा म्हणाला. "वास जातो. आणि ओल."

बाई हसल्या. दादा हसला नाही. थोरला असून आणि सगळी शेती, सगळी गुरं एकटा सांभाळत असूनही या अर्जाबद्दल त्याला कोणी विचारलं नव्हतं. त्याला हे कोठार पाडायचं होतं. या जागी एकसपाट गोठा, दूध काढायचं यंत्र, आणि कडेला दोन खोल्यांचं बुटकं घर. बिनजिन्याचं. स्वयंपाकघरावरच्या त्याच्या आणि बायकोच्या खोलीचा जिना इतका उभा होता की दादा हल्ली हातांनी कठडा ओढत चढायचा आणि उतरताना उलटा उतरायचा. आबांकडे त्यानं कितीदा विषय काढला असेल. आबा 'बघू' म्हणायचे. छोटूच्या अर्जाला मात्र बघू म्हणाले नाहीत.

"माळ्यावर जाता येईल?" बाईंनी विचारलं.

माळ्याची किल्ली दादाच्या बायकोकडे, वहिनीकडे होती. ती दाराशीच उभी होती, उंबऱ्याच्या बाहेर. "मी दाखवते, या ना," असं ताई म्हणेपर्यंत वहिनीनं पदर खोचला आणि ती सगळ्यांच्या आधी शिडी चढून वर गेली. दादा खालून तिच्या टाचांकडे बघत राहिला. माळा सोडून घरात राहायला आल्यापासून ती एकदाही वर चढली नव्हती.

वर एका कोपऱ्यात चुन्यानं लिंपलेली आडभिंत होती, विझलेल्या शेगडीची काळी जागा होती आणि भिंतीत दोन कोनाडे.

"कोणी राहत होतं का इथं?"

"दादा-वहिनी," ताईनं उत्साहानं सांगितलं. "लग्न झाल्यावर बरीच वर्षं. मी सुट्टीत आले की इथंच पडलेली असायचे. कॉलेजात असताना याचं मोजमाप घेऊन चित्र केलं होतं मी, अजून लावलंय केबिनमध्ये. पहिलं बक्षीस होतं त्याला."

बाईंचा टॉर्च मधल्या तुळईवरून सरकत गेला आणि थांबला.

"अरेरे. हे कोणी केलं?"

तुळईच्या पोटात लोखंडाचा जाड आकडा ठोकलेला होता. त्याच्या बाजूनं लाकडाला केसासारखी बारीक भेग गेली होती.

"सबंध सांगाड्यात लोखंड नाही, आणि नेमकं मधोमध हे! नंतरची भर आहे. पण काढता येईल. भेगही बुजवता येते, कळणारसुद्धा नाही."

"मी ठोकला," दादाचा आवाज खालून आला.

"कशासाठी?"

दादानं वर पाहिलं. वहिनी शिडीवरून उतरायला लागली होती. तिचं पाऊल खाली टेकेपर्यंत तो थांबला.

"टांगायला," तो म्हणाला.

"काय टांगायला?"

"असंच."

ताई आकड्याकडे बघत राहिली. आपल्या चित्रात हा आकडा नाही, हे तिच्या आता लक्षात आलं. असेल, तिला वाटलं. मूळचं नाही ते आपण तेव्हासुद्धा वगळलं असेल.

घर बघायला बाईंना फार वेळ लागला नाही. छोटूनं घड्याळाकडे पाहिलं. हॉटेलात खोली बघायला आलेलं गिऱ्हाईक किती वेळात बाहेर येतं, यावरून ते राहणार की नाही हे त्याला कळायचं.

पुढच्या दिवाणखान्यात सगळे बसले. वहिनीनं चहा आणला.

"ही कमान कधीची?" बाईंनी विचारलं.

"मी बांधलेली." आबा ताठ झाले. "कारागीर लांबून आणवले होते. दगडसुद्धा."

"आणि आधी तिथं काय होतं?"

"काही नाही हो. लाकडी व्हरांडा होता, खुजा. वाकून आत यावं लागायचं. खांबांवर कसली तरी फुलं कोरलेली. लाज वाटायची चारचौघांत. पाडला."

बाईंनी कप खाली ठेवला. त्या चांगल्या बाई होत्या. त्यांनी शब्द जुळवायला वेळ घेतला, आणि त्या वेळातच सगळ्यांना कळून चुकलं.

"आबा, घर मजबूत आहे. नीट राखलंय. पण त्याचं जे जुनेपण होतं ते त्या व्हरांड्यात होतं. नंतर खिडक्या बदलल्यात, छप्पर बदललंय. ही कमान... अशा कमानी त्या काळात खूप ठिकाणी बांधल्या गेल्या. मी शिफारस करीन ती कोठाराची. तबेल्याची आणि धान्याच्या खोलीचीसुद्धा. ती दगडी पायांवर उचललेली खोली फार सुंदर आहे, उंदरांना चढता येऊ नये म्हणून पायांवर टोप्या बसवल्यात बघा. पण कोठार म्हणजे अगदी वरच्या दर्जाचं. घर त्या आवाराचा एक भाग म्हणून राहील."

"एक भाग," आबा म्हणाले.

छोटू आयुष्यभर गिऱ्हाइकांच्या कलानं वळत आला होता. आत्ताही तो चटकन वळला. "म्हणजे शिक्का कोठाराला. ठीक आहे की! काय हो बाई, माळ्यावर पाहुण्यांची सोय करता येईल? दोन पलंग, खाली कडेला एक न्हाणीघर?"

"रचनेला धक्का न लावता करता येईल. लोक अशाच जागा शोधत असतात."

"बघा!" छोटूनं मांडीवर थाप मारली. "वहिनी, लोक पैसे मोजून राहायला येतील तुमच्या माळ्यावर. नवी जोडपी. गवताचा वास, झरोक्यातून चांदणं..."

वहिनी ट्रेमध्ये कप गोळा करत होती. "थंडीतसुद्धा?" तिनं विचारलं.

"हीटर लावू की."

"हां," वहिनी म्हणाली. "हीटर."

"अर्ज मागे घ्यायचाय आम्हाला," आबा अचानक बोलले.

सगळ्यांनी चमकून पाहिलं.

"कोठार पाडायचंय. थोरल्याला नवा गोठा हवाय, किती दिवस झाले मागतोय बिचारा. शेवटी राबतो तो. मी त्याला कधी नाही म्हणालो नाही."

दादानं मान वर केली. एवढी वर्षं जे वाक्य ऐकायची त्यानं वाट पाहिली, ते असं आलं होतं. दुसऱ्या कोणाच्या तरी थोबाडीत मारायला उचललेला हात वाटेत त्याच्या खांद्यावर पडावा, तसं.

बाई उठल्या. "मालक तुम्ही आहात. शिफारस पाठवेपर्यंत अर्ज मागे घेता येतो. पण ते पाडू नका एवढी विनंती करीन. मी धान्याच्या खोलीचे फोटो काढून येते. तोवर तुम्ही आपसात बोला."

बाईंची पावलं पायऱ्या उतरून गेल्यावर ताईनं तोंड उघडलं.

"आबा, तुमच्या कमानीला कोणी वा म्हटलं नाही, म्हणून कोठार पाडायचं?"

"मी थोरल्याचा विचार करतोय."

"आज सकाळपर्यंत कुठे होता तो विचार? दादा, तू तरी बोल. तू राहिलायस तिथं. तुला काहीच वाटत नाही?"

"वाटतं," दादा म्हणाला. "पाडावं वाटतं."

"ते पुन्हा कोणाला बांधता येणार नाही रे! ते सुतार, त्या खुणा, सगळं... तुम्हाला दुधाच्या यंत्रापुढे काही दिसतच नाही. वहिनी, तुम्ही सांगा ना याला. तुम्हाला कळतंय मी काय म्हणतेय ते."

वहिनीनं ट्रे टेबलावर ठेवला.

"तुम्ही त्याचं चित्र काढलंत तेव्हा आकडा होता, ताई," ती म्हणाली.

"काय?"

"तुळईला. मघाशी त्या बाईंना वाईट वाटलं ना, तो. तुमच्या चित्रात नाहीये, पण तेव्हा होता. पाळणा होता त्याला."

वहिनी तिच्याकडे बघत पुढे बोलली.

"तुम्ही मैत्रिणींना घेऊन आला होतात, मोजमापं घ्यायला. मला म्हणालात, वहिनी, पाळणा जरा बाजूला घ्या, तुळई दिसत नाही. ह्यांनी पाळणा सोडवून खाली नेला. मी त्याला मांडीवर घेऊन दिवसभर भिंतीला टेकून बसले. भिंत पाझरत होती. त्याला आधीच खोकला झाला होता."

छोटू खिडकीबाहेर बघायला लागला. तो तेव्हा शाळेत होता. दादाला एक मूल झालं होतं आणि ते तापानं गेलं, एवढंच त्याला माहीत होतं. 'तापानं गेलं' हे घरात इतक्या एका सुरात म्हटलं जायचं, की त्यापुढे विचारायचं असतं हेच त्याच्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

"मला माहीत नव्हतं," ताई म्हणाली. "साधा खोकला असेल असं... वहिनी, तुम्ही बोलला का नाहीत? मी एका शब्दानं थांबले असते."

"बोलले होते. तुमच्याशी नाही, आबांशी. आदल्या दिवशी इथं आले होते, ह्याच दारात. आत नव्हतं यायचं आम्ही, दारातूनच बोलायचं. म्हटलं थंडी सरेपर्यंत समोरची खालची खोली द्या. मला नको, मी वर राहते. त्याला आणि तुमच्या आईंना तिथं झोपू दे. आई हो म्हणाल्या होत्या. आबा म्हणाले, त्या खोलीत ताईच्या मैत्रिणी उतरल्यात."

आता सगळे आबांकडे बघत होते. आबांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"होत्याच मैत्रिणी उतरलेल्या," ते म्हणाले. "खोटं बोललो का मी?"

बाहेर बाईंच्या कॅमेऱ्याचा आवाज येत होता, थांबून थांबून.

ताईनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग हात काढून ती दादाकडे वळली. "पाडून टाक. दादा, पाड ते. माझी काही हरकत नाही. माझं चित्रही मी..."

"का?" वहिनीनं विचारलं.

"का म्हणजे?"

"तुमच्या डोळ्यासमोर नको म्हणून? सकाळपासून ते तुमचं होतं. आता नकोसं झालं तर पाडायचं?" वहिनी खुर्ची ओढून बसली. आबांसमोर ती बसत नसे. "नाही पाडायचं."

दादाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"काय म्हणालीस?"

"राहू दे कोठार."

"अगं, लग्न झाल्यापासून तूच..."

"म्हणत होते. ह्यांच्यातलं कोणी पाडा म्हणत नव्हतं तोवर म्हणत होते. आता आबा पाडा म्हणतायत, ताई पाडा म्हणतायत. सगळ्यांना एकाएकी तुमच्या गोठ्याची काळजी लागलीय. एकदा ते पडलं की झालं. तिथं कोणी राहिलंच नव्हतं. तापानं गेलं म्हणायला सगळे मोकळे. राहू दे ते उभं. फाटकातून आत येणाऱ्याला आधी तेच दिसू दे. आबांना रोज खुर्चीतून दिसू दे."

"आणि मला?" दादा म्हणाला.

वहिनीनं त्याच्याकडे पाहिलं.

"मला काय दिसू दे?" दादा ओरडणारा माणूस नव्हता. ओरडायला गेला की त्याचा आवाज फाटायचा. आता फाटला. "तू माळा सोडलास त्या दिवसापासून तिकडे पाऊल टाकलं नाहीस. आज टाकलंस. मी रोज जातो. पहाटे त्या तुळईच्या खाली बसून दूध काढतो. रोज मान खाली घालून आत जायचं आणि खाली घालूनच बाहेर यायचं. तो आकडा मी ठोकलाय. माझा नव्हता तो? फक्त तुझा होता?"

"मी असं म्हटलं नाही."

"मग मला पाडू दे!"

वहिनीनं नजर खाली वळवली. ताईला वाटलं, आता ती माघार घेईल. छोटूलाही वाटलं. आबांना तर खात्रीच वाटली. ते हलकेच खुर्चीत पुढे सरकले.

"थोरल्या, तुझं बरोबर आहे," ते म्हणाले. "बाईमाणसाचं मनावर घेऊ नकोस. बाईंना बोलाव, मी सांगतो त्यांना."

आबा गप्प राहिले असते तर काय झालं असतं, कोणास ठाऊक. वहिनीचा चेहरा त्या वाक्यावर दगडासारखा झाला.

"आबा," ती अगदी हळू बोलली. "अर्ज मागे घेतलात, तर उद्यापासून तुमचं आंघोळीचं पाणी, तुमची औषधं, तुमचे बूट, रात्री उठवून न्यायचं, हे ह्या दोघांपैकी कोण करणार ते आधी ठरवा. मी करणार नाही."

"धमकी देतेस?"

"विचारा ना त्यांना."

आबांनी ताईकडे पाहिलं. ताई म्हणाली, "आबा, माझं कॉलेज... मध्येच सोडून कसं येऊ?" आबांनी छोटूकडे पाहिलं. छोटू म्हणाला, "माझ्याकडे तुम्हाला करमणार नाही आबा, लिफ्ट सारखी बंद असते. तरी बघू, एखादी बाई ठेवता येते का..." त्याचं बोलणं आपोआपच विरलं.

आबांनी थोरल्याकडे पाहिलंच नाही.

बाई परत आल्या तेव्हा आबा कमानीखाली उभे होते, काठीवर दोन्ही हात ठेवून. सकाळी त्यांना इथंच उभं राहून बाईंचं स्वागत करायचं होतं.

"राहू द्या अर्ज," ते म्हणाले. "आहे तसा."

"फार बरं केलंत," बाई मनापासून म्हणाल्या. "पुढची माणसं तुमची आठवण काढतील."

दादा त्यांच्या बाजूनं निघून गेला. दूध काढायची वेळ झालेली नव्हती, पण तो कोठाराकडे चालत गेला आणि त्यानं आतून दार ओढून घेतलं.

उन्हं उतरल्यावर छोटू शहराला परतला. जाताना त्यानं वहिनीला वाकून नमस्कार केला, काय बोलावं ते न सुचल्यामुळे. ताई थांबली. तिचा मुक्काम नेहमीप्रमाणे समोरच्या खालच्या खोलीत होता. ती तिथं पलंगावर बसून होती, तेवढ्यात वहिनी आत आली, तिनं कोपऱ्यातली ताईची बॅग उचलली आणि बाहेर नेऊन जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवली.

"आज तुम्ही वरती झोपा, ताई. स्वयंपाकघरावर. अंथरूण घालून ठेवलंय."

ताई काही न विचारता उठली. जिना चढताना तिचा एकदा तोल गेला. कठड्याची घासून घासून गुळगुळीत झालेली एक जागा तिच्या हाताला लागली, बरोबर मध्यावर. ती तशीच काही क्षण धरून ताई उभी राहिली.

दादा धारा काढून आला तेव्हा वहिनी खालच्या खोलीत पलंगावर चादर ओढत होती. त्यांची दोन पांघरुणं, त्याचा सदरा, त्याची गुडघ्याला लावायच्या तेलाची बाटली, सगळं खाली आलेलं होतं. तो दारातच थांबला.

"ही पाहुण्यांची खोली आहे."

"होती."

"आबांना विचारलंस?"

"नाही."

तो आत आला. या घरात त्याचा जन्म झाला होता, पण या पलंगावर तो कधी बसला नव्हता. तो कडेला टेकला. दुपारपासून ते एकमेकांशी बोलले नव्हते. पाठ दुखत होती म्हणून तो मागे सरकून भिंतीला टेकला, आणि दचकून त्यानं भिंतीला हात लावून पाहिला.

"गरम आहे."

"पलीकडे चूल आहे," वहिनी म्हणाली. "बांधणाऱ्यानं मुद्दाम केलंय."

दादाचा हात भिंतीवरच राहिला. त्याच्या हाताकडे वहिनीला बघवेना. ती उशीला अभ्रा घालत राहिली. घालून झाल्यावर पुन्हा काढून नीट घातला.

"तू जिंकलीस," दादा म्हणाला. "त्यांना बसवलंस खाली. पण पहाटे तिथं मीच जाणार."

"मी येत जाईन उद्यापासून. दोघं काढू दूध."

"नको."

"येते म्हटलं ना."

"नको," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, तो असता तर तिला बरं वाटलं असतं. "सवय झालीय मला एकट्याची."

तो भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. वहिनी पलंगाच्या दुसऱ्या कडेला बसून राहिली.

दिवाणखान्यातून आबांची हाक आली. पाणी हवं होतं त्यांना. वहिनीचा पाय सवयीनं जमिनीवर टेकला आणि तिनं तो तसाच ठेवला. दुसऱ्यांदा हाक आली. मग जिना वाजला. कोणीतरी चाचपडत एकेक पायरी उतरत होतं. स्वयंपाकघरात दिवा लागला आणि कपाटांची दारं उघडल्या-मिटल्याचे आवाज यायला लागले. एक उघडलं, मिटलं. दुसरं उघडलं.

"वहिनी," ताईचा आवाज आला. "आपल्याकडे ग्लास कुठे असतात?"

वहिनीनं पाय उचलून पलंगावर घेतला.